कापून वाढणारी पात

शहरांतील घरांत कुंडींतील झाडाची निगा म्हणजे त्यास रोज पाणी घालणें, एवढीच समजूत बहुधा असते. तुळशीच्या किंवा शोभेच्या झाडांच्या बाबतींत ती कांहीं अंशीं चालूनही जाते. परंतु कांहीं वनस्पति अशा आहेत कीं, त्यांचें आरोग्य झारीपेक्षां कात्रीवर अधिक अवलंबून असतें. त्यांचीं पानें वेळच्या वेळीं कापलीं नाहींत तर तीं निबर होतात. अविचारानें कापलीं तर सारें रोपच मरतें. कांद्याच्या कुळांतील चाइव्ह ही अशा वनस्पतींपैकीं एक होय.

जर्मन भाषेंत चाइव्हला ‘श्निटलाउख’ म्हणतात. ‘श्निट’ म्हणजे काप आणि ‘लाउख’ म्हणजे कांद्याच्या वर्गांतील भाजी. अर्थात् ‘कापून घ्यावयाची पात’ असें तिचें सरळ नांव झालें. तिच्या जोपासनेचें मर्म या नांवांत आहे खरें. पण काय कापावयाचें आणि काय राखावयाचें, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. आणि नेमकें तेंच न कळल्यामुळें पुष्कळ घरांतील चाइव्हच्या कुंड्या वर्षाच्या आंत रिकाम्या होतात.

असें होण्याचा क्रमही ठरलेला असतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत चाइव्हच्या लहान लहान जुड्या विकावयास असतात. जुडी घरीं आणावी तर लागते ती चिमूटभर, आणि उरलेली दोन-चार दिवसांत मलूल होते. मग ती घरींच लावावी असा विचार निघतो. बियांचें पाकीट आणलें जातें, हिरव्या सुयांसारखीं रोपें वर येतात, घरांतील मंडळी कौतुकानें शेंडे खुडूं लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत सारें वाळून जातें. ‘आपल्या हाताला गुण नाहीं’ असें म्हणून गृहिणी ती कुंडी दुसऱ्या झाडाला देते. वास्तविक यांत हाताचा दोष नसतो. थंड देशांतील एका वनस्पतीचा स्वभाव समजून न घेतां तिला मेथी-कोथिंबिरीप्रमाणें वागविलें, एवढेंच झालेलें असतें.

हा स्वभाव समजण्यासाठीं तिची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत चाइव्हला ‘ॲलियम शीनोप्रॅसम’ हें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील दुसरा शब्द मूळ ग्रीक असून लव्हाळा आणि पातकांदा या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. लव्हाळ्यासारखी बारीक पात असलेला कांदा, हें वर्णन तिला तंतोतंत लागू पडतें. यूरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांत ती रानटी स्थितींत उगवते. आपल्या देशांत तिचें नैसर्गिक स्थान पश्चिम हिमालयाच्या उंच व थंड प्रदेशांत आहे. कांद्याचीं अशीं पहाडी भावंडें आपल्याकडे आणखीही आहेत. उत्तराखंडांत ‘जम्बू’ किंवा ‘फरण’ म्हणून ओळखली जाणारी पात वाळवून डाळीच्या फोडणींत घालतात, ती याच कुळांतील.

चाइव्हचें एकेक रोप एकटें वाढत नाहीं. पुष्कळ रोपांचा मिळून एक दाट झुबका होतो. जमिनीलगत बारीक, लांबट कांदे एकमेकांस चिकटून असतात. त्यांची जाडी फार तर अर्धा इंच. त्यांतून वीतभर ते फूटभर उंचीचीं, गोल, पोकळ आणि गर्द हिरवीं पानें निघतात. पातीच्या कांद्याची पातही पोकळच असते. परंतु ती करंगळीएवढी जाड, तर चाइव्हची काडीएवढी बारीक. शिवाय पातीचा कांदा उपटून खावयाचा असतो, आणि चाइव्ह कधींही उपटावयाची नसते. योग्य जागा मिळाली तर एकच झुबका वर्षानुवर्षें टिकतो.

हिचीच एक बहीण ‘लसणी चाइव्ह’ या नांवानें ओळखली जाते. तिचें मूळ चीन देशांतील. तिचीं पानें पोकळ नसून हरळीच्या पात्यासारखीं चपटीं व भरींव असतात. वास लसणाचा असतो, आणि फुलें पांढरीं, चांदणीच्या आकाराचीं येतात. चीनमध्यें तिचीं पानें तर खातातच, पण कळ्यांचे कोंवळे दांडेही भाजीसाठीं वापरतात. आपल्या मणिपुर राज्यांत तिला ‘मरोई नाकुप्पी’ म्हणतात, आणि तेथील रोजच्या स्वयंपाकांत तिचें स्थान आपल्याकडील कोथिंबिरीसारखें आहे. महाराष्ट्रांतील घरांच्या दृष्टीनें ही बहीण फार महत्त्वाची आहे. तिचा विचार पुढें यावयाचा आहे.

आतां कात्रीच्या प्रश्नाकडे वळावें. आंब्याची किंवा जास्वंदीची फांदी शेंड्याकडून वाढते. शेंडा खुडला कीं तिची त्या दिशेची वाढ खुंटते. चाइव्हच्या पानाचें उलट आहे. त्याचें टोंक हा सर्वांत जुना भाग आणि तळ हा सर्वांत कोंवळा. पान तळाशीं तयार होत जातें व वर ढकललें जातें. याची प्रचीति घरींच पाहतां येते. वाढत्या कोंवळ्या पानावर मातीपासून थोड्या अंतरावर शाईचा एक ठिपका द्यावा आणि त्याच्या वर इंचभर अंतरावर दुसरा. कांहीं दिवसांनीं दोन्ही ठिपके वर सरकलेले दिसतील. परंतु दोहोंमधील अंतर जवळ जवळ तेवढेंच असेल. वाढ ठिपक्यांच्या खालीं झालेली असते. हरळी किंवा गवत कितीही वेळां चरलें तरी पुन्हा वाढतें, त्याचें कारणही हेंच.

म्हणून वरची पात कापल्यानें चाइव्ह मरत नाहीं. पूर्ण वाढ झालेलें पान कापल्यावर पुन्हा लांबत नाहीं हें खरें. पण झुबक्याच्या मध्यांतून नवीं पानें निघत राहतात. हीं नवीं पानें ज्या अन्नावर निघतात, तें अन्न मात्र तळाचा पांढुरका भाग आणि बारीक कांदे यांत सांठविलेलें असतें. हें झाडाचें भांडवल होय. वरची हिरवी पात हें त्याचें व्याज. व्याज खर्च करावें, भांडवलाला हात लावूं नये. आणि भांडवल पुरेसें जमण्यापूर्वीं व्याजाचीही घाई करूं नये. चाइव्हच्या संगोपनाचे बहुतेक नियम यांतूनच निघतात.

पहिला नियम असा कीं, कापतांना मातीपासून किमान दोन बोटें, म्हणजे सुमारें दीड इंच भाग राखून ठेवावा. दुसरा नियम, सर्व पानांचे शेंडे केंस कापल्याप्रमाणें सरसकट छाटूं नयेत. अशा छाटलेल्या पानांचीं टोंकें तपकिरी पडतात, तीं अर्धवट पानें झुबक्यांत दाटी करून राहतात, आणि नव्या पानांस हवा व उजेड मिळत नाहीं. त्याऐवजीं बाहेरच्या बाजूचीं पूर्ण वाढलेलीं पानें एक एक धरून तळाकडून पुरीं कापावीं. मधलीं कोंवळीं पानें तशींच ठेवावीं. तिसरा नियम, एका वेळीं एका झुबक्याची फार तर अर्धी पात घ्यावी. राहिलेलीं पानें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतात आणि त्यावर पुढील पात निघते. कात्री धारदार व स्वच्छ असावी. बोथट कात्रीनें पोकळ पान चेंगरतें आणि तेथून कुजूं लागतें.

रोज थोडी थोडी पात लागणाऱ्या घरासाठीं एक मोठी कुंडी ठेवण्यापेक्षां तीन लहान कुंड्या ठेवणें अधिक हिताचें. आज एकींतून, पुढच्या आठवड्यांत दुसरींतून, त्यानंतर तिसरींतून पात घेतली म्हणजे प्रत्येक कुंडीस तीन आठवड्यांची विश्रांति आपोआप मिळते. एकाच कुंडीवर सर्व भार टाकला तर गरज आणि संयम यांच्या झगड्यांत बहुधा गरजच जिंकते.

चाइव्हच्या स्वभावाचा दुसरा भाग ऋतूंशीं निगडित आहे. यूरोपांत हिवाळा सुरू झाला, दिवस लहान झाले, कीं तिची पात वाळून जाते. कांदे मातीखालीं निजून राहतात आणि वसंतांत पुन्हा फुटतात. यूरोपांतील पुस्तकांत दिलेलें वेळापत्रक म्हणूनच आपल्याकडे निरुपयोगी ठरतें. पुण्यास डिसेंबर-जानेवारींत रात्रीचें तापमान सरासरीनें ११-१२ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतें व दिवसा स्वच्छ ऊन असतें. हा आपला हिवाळा म्हणजे चाइव्हचा वसंत. तिचें बीं उगवण्यास १५ ते २० अंश तापमान उत्तम. म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत करावी. जूनमध्यें पहिल्या पावसाबरोबर पेरण्याची जी आपली संवय आहे, ती येथें उपयोगी नाहीं.

एप्रिलमध्यें पुण्याचा पारा दुपारीं ३८ अंशांच्या आसपास जातो. हा काळ चाइव्हच्या कसोटीचा. मुंबई, कोंकण व गोवा येथें उन्हाळा इतका तीव्र नसला तरी हिवाळा पुरेसा थंड नसतो आणि दमटपणा बारा महिने असतो. नागपुरास हिवाळा चांगला, पण उन्हाळा अतिशय कडक. तेव्हां पुणें, नाशिक, महाबळेश्वर अशा ठिकाणीं बारीक पातीची चाइव्ह अवश्य लावून पाहावी. मुंबई व कोंकणपट्टींत मात्र लसणी चाइव्ह हीच विश्वासाची. ती उष्णता पुष्कळ अधिक सोसते आणि पावसाळ्यांतही वाढते. पुणें जिल्ह्यांत राजगुरुनगर येथें कांदा व लसूण यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथें कांद्याच्या अन्य जातींबरोबर लसणी चाइव्हचीही लागवड अभ्यासासाठीं झालेली आहे. जी वनस्पति आपल्या हवेंत सुखानें राहते तिला पहिली पसंती देणें, यांत कमीपणा कांहीं नाहीं. दोन्हींची कापणी व निगा जवळ जवळ सारखीच आहे.

लागवडीची कृति सोपी आहे. कुंडी सहा ते आठ इंच खोल असली कीं पुरे; तिला तळाशीं पाणी निघून जाण्यास चांगलीं भोंकें हवींत. मातीच्या कुंडींतून ओलावा बाहेर जातो व मुळांस हवा मिळते, म्हणून ती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षां बरी. पोयट्याची माती दोन भाग, पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग असें मिश्रण करावें. नुसती काळी माती वापरूं नये. ती पाणी धरून ठेवते व सुकल्यावर तडकते; दोन्ही गोष्टी या बारीक मुळांस घातक आहेत.

बीं विकत घेतांना पाकिटावरील तारीख अवश्य पाहावी. कांद्याच्या कुळांतील बियांची उगवणशक्ति लवकर नाहींशी होते; दोन वर्षांचें जुनें बीं पेरणें म्हणजे निराशेला आमंत्रण. शंका असेल तर वीस बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या आणि पंधरा दिवसांनीं किती मोडावल्या तें पाहावें. पेरतांना आठ-दहा बिया एके ठिकाणीं, पाव इंच खोलीवर टाकाव्या; म्हणजे आरंभापासूनच झुबका तयार होतो. दहा ते वीस दिवसांत अंकुर वर येतात. ते प्रथम वांकलेल्या सुईसारखे दुमडलेले असतात आणि मग सरळ होतात. त्यांस बोटानें सरळ करण्याचा मोह टाळावा. तेवढ्यानें ते मोडतात.

पहिल्या कापणीसाठीं धीर हवा. पानें सहा इंच उंच झालीं एवढ्यानें कापणीस हरकत नाहीं असें समजूं नये. झुबका चांगला दाट दिसला पाहिजे. बियांपासून वाढविलेल्या रोपांस यास सुमारें तीन महिने लागतात. त्यानंतरही पहिल्या वर्षीं तीन-चार वेळांपेक्षां अधिक कापणी करूं नये. ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनीं एखाद्या परिचिताच्या जुन्या कुंडींतून पांच-सहा कांद्यांचा एक तुकडा मुळांसह मागून आणावा. तो महिन्या-दीड महिन्यांत पात देऊं लागतो.

ऊन दिवसांतून पांच-सहा तास मिळावें. पूर्वेकडील गॅलरी सर्वांत उत्तम. तेथें सकाळचें ऊन मिळतें व दुपारचा ताप टळतो. खोलीच्या आंत, खिडकीपासून दूर ठेवलेल्या कुंडींत पात लांब, फिकट आणि लुळी होते. तिला खताची नव्हे, प्रकाशाची उणीव असते. पाणी घालण्याची वेळ घड्याळावर ठरवूं नये. बोट मातींत इंचभर खुपसावें. आंत ओल लागली तर पाणी घालूं नये, कोरडी लागली तर तळांतून पाझरेपर्यंत घालावें आणि खालच्या ताटलींतील पाणी ओतून टाकावें. महिन्यांतून एकदां मूठभर गांडूळखत मातींत हलकेंच मिसळलें कीं पोषणाची सोय झाली. खत किंवा खताचें पाणी पानांवर पडूं देऊं नये. ही पात कच्ची खावयाची असते, हें विसरतां कामा नये. त्याच कारणास्तव कापल्यावर ती स्वच्छ पाण्यानें धुवावी. खताचा अतिरेकही वाईट. त्यानें पात मऊ पडते आणि किडींस आयतें भक्ष्य मिळतें.

रोगाची परीक्षा पानांवरून करतां येते. नुसतीं टोंकें वाळलीं असतील तर बहुधा ऊन तीव्र झालेलें असतें, माती वारंवार कोरडी पडत असते किंवा खताचे क्षार सांठलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर क्षारांचा संशय पक्का समजावा व एकदां भरपूर पाणी घालून तें तळांतून वाहून जाऊं द्यावें. पानें तळापासून पिंवळीं पडून मऊ होत असतील तर पाणी अधिक झालें. कुंडी उलटी करून मुळें पाहावीं आणि कुजलेला भाग काढून कोरड्या, नव्या मातींत झुबका लावावा. पानांवर रुपेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे. कांद्याच्या शेतांत उपद्रव देणारी हीच कीड गॅलरींतही येते. कोंवळ्या पातीवर चिकट, हिरवे-काळे बारीक जीव दिसले तर तो मावा. पावसाळ्यांत जांभळट मध्य असलेले लांबट डाग पडले तर करपा समजावा.

या सर्वांवर पहिला उपाय पुन्हा कात्रीचाच. झुबका निरोगी व हवा थंड असेल तर दोन बोटें ठेवून सारी पात एकदम कापावी आणि घराबाहेर टाकून द्यावी. अर्ध्याच पातीचा नियम अशा वेळींच मोडावयाचा. नवी पात बहुधा स्वच्छ निघते. मावा आणि फुलकिडे यांवर पाण्याचा जोरदार फवारा किंवा पातळ केलेला निंबोळी अर्क संध्याकाळीं मारावा. जुन्या वेळचें तंबाखूचें पाणी किंवा बाजारांतील विषारी औषधें खावयाच्या पातीवर मुळींच वापरूं नयेत.

उन्हाळ्यांत झाडाकडून कांहीं मागूं नये. मार्चअखेर कुंडी अशा जागीं हलवावी कीं दुपारचें ऊन तिला लागणार नाहीं. कापणी व खत बंद ठेवावें आणि माती जेमतेम ओली राखावी. पात वाळून गेली तरी कुंडी लगेच रिकामी करूं नये. मातींतील एखादा कांदा हलकेच दाबून पाहावा. तो टणक असेल तर झाड निजलेलें आहे, मेलेलें नाहीं. हवा निवल्यावर तें फुटण्याची आशा असते. अशा निजलेल्या कुंडीवर दया येऊन भरमसाट पाणी घालणें, हेंच तिच्या मृत्यूचें कारण पुष्कळदां होतें.

पावसाळ्यांत कुंडी छपराखालीं घ्यावी. या काळांत बारीक पातीची चाइव्ह मंद वाढते, व कापलेल्या तोंडांतून कूज शिरण्याचें भय असतें. म्हणून कापणी अगदीं बेताची करावी. येथें आपल्या घरांतील एक जुनी रीति सहज उपयोगी पडते. कांदेनवमी झाली कीं चातुर्मासांत पुष्कळ घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. चाइव्ह ही त्याच कुळांतली, तेव्हां तीही त्या नेमांत येतेच. कांदेनवमीस शेवटची हलकी कापणी आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा आरंभ, असा नेम ठेवला तर झाडासही चार महिन्यांची विश्रांति मिळते आणि तिथीही ध्यानांत राहते.

दर दोन-तीन वर्षांनीं ऑक्टोबर महिन्यांत झुबका फोडावा. कुंडींत कांदे फार दाटले म्हणजे पात बारीक येऊं लागते. हीच फोडण्याची खूण. सर्व गड्डा बाहेर काढून हातानें पांच-सहा कांद्यांचे तुकडे करावे, मुळें व पात थोडी छाटावी आणि नव्या मातींत लावावे. फुलांविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चाइव्हला फिकट जांभळ्या रंगाचे सुंदर गेंद येतात व तेही खाण्यास योग्य असतात. परंतु फूल येण्यापूर्वीं कांद्यास चांगली थंडी मिळावी लागते. म्हणून सखल, उष्ण प्रदेशांत ती कदाचित् कधींच फुलणार नाहीं. हा रोग नव्हे. लसणी चाइव्ह मात्र आपल्याकडेही सहज फुलते. फुलाचा दांडा निबर होण्यापूर्वींच तळाशीं कापावा. बीं धरूं दिलें तर झाडाची शक्ति तिकडे खर्च होते.

कुत्रीं-मांजरें पाळणाऱ्या घरांनीं एक सावधगिरी बाळगावी. कांद्याच्या कुळांतील सर्वच वनस्पति या प्राण्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशींस अपाय करतात. मांजरास कुंडींतील गवत चघळण्याची संवय असते. तेव्हां ही कुंडी त्याच्या वाटेंत ठेवूं नये.

पात हातीं आल्यावर ती कशी वापरावी हेंही महत्त्वाचें. अखंड पानाला वास जवळ जवळ नसतो. कापतांना पेशी फुटतात, त्यांत वेगवेगळीं असलेलीं दोन द्रव्यें एकत्र येतात आणि गंधकयुक्त सुवासिक पदार्थ तयार होतात. उष्णतेनें ही क्रिया थांबते व झालेला वासही उडून जातो. म्हणून चाइव्ह फोडणींत टाकणें म्हणजे ती वायां घालविणें. ती ऐन वेळीं बारीक चिरून वरून पेरावी. फ्रान्समध्यें पार्सली, टॅरागॉन व चर्व्हिल यांच्या जोडीला ती नाजूक पाल्यांच्या मिश्रणांत असते. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या प्रसिद्ध हिरव्या चटणींतील सात पाल्यांपैकीं ती एक. आणि स्वीडनमध्यें जूनमधील मध्य-ग्रीष्माच्या सणास नव्या बटाट्यांबरोबर आंबट साय व चाइव्ह हवीच. आपल्या ताटांत ती ताकांत, काकडीच्या कोशिंबिरींत, उकडलेल्या बटाट्यावर, गरम पिठल्यावर किंवा ऑम्लेटवर शोभते. लसणी चाइव्ह थोडी उष्णता सोसते. ती थालीपिठाच्या पिठांत चिरून घालतां येते. पात अधिक झाली तर वाळवूं नये, कारण वाळल्यावर वास फारच कमी होतो. चिरून डबींत भरून बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी.

तिच्या पौष्टिकपणाविषयीं पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. शंभर ग्रॅम पातींत सुमारें ५८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें, हें खरें. परंतु चमचाभर चिरलेली पात भरते तीन ग्रॅम. तेवढ्यांतून दोन मिलिग्रॅमही मिळत नाहीं. चाइव्ह लावावी ती औषध म्हणून नव्हे, तर साध्या जेवणास ताजा हिरवा स्वाद मिळावा म्हणून.

पहिल्या हिवाळ्यांत या कुंडीकडून फार अपेक्षा करूं नये. त्या वर्षीं घेण्यापेक्षां राखणेंच अधिक असतें. उन्हाळा आणि पावसाळा ओलांडून ती दुसऱ्या हिवाळ्यांत फुटली म्हणजे झुबका दाट होतो आणि दर तीन आठवड्यांनीं मूठभर पात देऊं लागतो. तिसऱ्या वर्षीं गड्डा फोडण्याची वेळ येते, आणि तेव्हां त्यांतील दोन तुकडे शेजारच्या घरीं देण्यास उरतात. देतांना तुकड्याबरोबर दोन बोटें राखून कापण्याची गोष्टही सांगावी; कारण तिच्यावांचून तो तुकडा तेथें फार दिवस टिकणार नाहीं.